कोरी डिस्क, वाया गेलेली डिस्क: कुरुळी–चाकण पट्ट्यातील घरगुती रायटरचा इतिहास

डीव्हीडी रायटर म्हणजे घरातल्या संगणकात बसवलेले एक छोटे उत्पादनयंत्र. कोरी डिस्क हा त्याचा कच्चा माल, लेझर हे हत्यार, आणि एकदा हत्यार चालले की केलेले काम मागे घेता येत नाही. वाचणारा ड्राइव्ह अडला तर वाचन थांबते, डिस्क शाबूत राहते. लिहिणारा ड्राइव्ह अडला तर डिस्कच भंगारात जाते. पुणे–नाशिक रस्त्यावर मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चिंबळी, मग कुरुळी आणि पुढे चाकण लागते. खेड तालुक्याच्या या टापूत १९९९ नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत कारखाने आले, शेतांच्या कडेने भाड्याच्या खोल्या उठल्या, आणि फाट्यावरच्या दुकानांत, मग घरांतही संगणक आले. त्या संगणकांवर डिस्क का बिघडत आणि बिघाड कसा शोधला जाई, हा या पट्ट्याच्या घरगुती इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग आहे.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ साली सीडी बाजारात आणली. १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या या चकतीवर मधल्या भोकाजवळून निघून कडेपर्यंत उलगडत जाणारा एकच माग असतो. शेजारच्या दोन वळणांत १.६ मायक्रोमीटरचे अंतर, त्यामुळे हा माग सरळ केला तर पाच किलोमीटरहून लांब भरतो. डीव्हीडीवर तेच अंतर ०.७४ मायक्रोमीटर, आणि मागाची लांबी सुमारे पावणेबारा किलोमीटर. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर साच्याने खड्डे उमटवलेले असतात. घरी लिहायच्या डिस्कवर खड्डे नसतात, तिथे सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. जपानच्या तैयो युदेन कंपनीने १९८८ साली असा थर असलेली सीडी तयार केली. लेझरने थराचा सूक्ष्म ठिपका तापवला की तिथला रंग कायमचा बदलतो, आणि वाचणाऱ्या लेझरला तो खड्ड्यासारखा दिसतो. म्हणूनच या कामाला इंग्रजीत ‘बर्न’ म्हणजे जाळणे हा शब्द पडला. चाकण पट्ट्यात मात्र तो फारसा रुजला नाही. इथे सीडी ‘राईट’ केली जाई, किंवा ‘राईट मारली’ जाई, जसा संगणकाला फॉरमॅट मारला जाई. यंत्र ‘रायटर’, चकती ‘ब्लँक’ किंवा ‘कोरी’, आणि मध्येच अडलेली चकती ‘वाया गेली’.

सुरुवातीचे रायटर सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होते. १९९५ मध्ये हजार डॉलरच्या आत मिळणारा सीडी रायटर आला तेव्हा ती मोठी बातमी होती. डीव्हीडी लिहिणारा, तेवढ्याच किमतीच्या आसपासचा पायोनिअरचा ड्राइव्ह २००१ साली आला, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत किमती झपाट्याने कोसळल्या. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये, महिंद्राचा त्याच सुमारास. म्हणजे रायटर स्वस्त होण्याची आणि चाकण भरण्याची वर्षे जवळजवळ एकच होती. संगणकाची ओळख बहुतेकांना एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गात झाली. तो चालवणारे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली स्थापन झाले आणि पुढच्या काही वर्षांत हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सुटे भाग आणायचे तर पुण्यात जाऊन तपकीर गल्ली गाठायची.

डिस्कवर काय लिहिले जाई, हे पाहिले की चुकीची किंमत कळते. छोट्या वर्कशॉपांत टॅलीच्या हिशेबाचा बॅकअप आणि ग्राहक कंपनीकडून आलेली ड्रॉइंग सीडीवर ठेवली जात. आळंदी जवळ असल्याने हरिपाठाच्या आणि कीर्तनाच्या सीडींना कायम मागणी होती. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ आधी कॅसेटवर घरोघर होता, मग एमपी३ सीडीवर आला. खेड, जुन्नर, मावळ हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख, त्यामुळे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळालेल्या बाऱ्यांचे चित्रीकरण डिस्कवर उतरवून घेणारे शौकीन होते. आणि सगळ्यांत मोठे काम लग्नाच्या चित्रीकरणाचे. आधी व्हीएचएस कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, असा लग्नाच्या ‘शूटिंग’चा प्रवास झाला. व्हीसीडीवर ७४ ते ८० मिनिटेच मावत, म्हणून हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या लग्नाला तीन-तीन चकत्या लागत. डीव्हीडीवर सगळा सोहळा एकीवर बसू लागला, आणि त्याबरोबर सगळा धोकाही एकीवर आला. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून कामाला आलेली माणसे गावाकडच्या नातेवाइकांसाठी प्रती काढून नेत. एसटीत बसायच्या आदल्या रात्री डिस्क अर्ध्यावर अडली, तर ती नुसती दहा-वीस रुपयांची कोरी चकती उरत नसे.

पहिल्या पिढीतली सगळ्यांत नावाजलेली चूक म्हणजे ‘बफर अंडररन’. डिस्क फिरत असते, लेझर लिहीत असतो, आणि संगणकाने त्याला सतत डेटा पुरवायचा असतो. मधल्या साठवणीसाठी रायटरमध्ये एक छोटी स्मृती असते, तिला बफर म्हणतात. सीडीचा एकपट वेग सेकंदाला १५० केबी. चौपट वेगाने लिहिताना २ एमबीचा बफर जेमतेम साडेतीन सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात संगणक दुसऱ्या कामात गुंतला, कोणी मध्येच गाणे लावले, अँटिव्हायरस जागा झाला, स्क्रीनसेव्हर सुरू झाला, की बफर रिकामा. लेझर थांबला की माग तुटला, आणि जुन्या रायटरला तुटलेला माग पुन्हा जोडता येत नसे. म्हणून राईट चालू असताना माऊसला हात लावायचा नाही हा नियम पडला. नवख्याला तो अंधश्रद्धेसारखा वाटे, पण त्यामागे हे साधे गणित होते. सान्यो कंपनीने २००० साली ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणले. बफर आटत आला की रायटर लिहिणे थांबवतो, जागा लक्षात ठेवतो आणि डेटा आला की तिथूनच पुढे लिहितो. इतरांनीही अशीच तंत्रे आणली आणि चूक नावापुरती मिटली. नावापुरती, कारण डीव्हीडीचा एकपट वेगच सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी आहे. सोळापट वेगाला सेकंदाला २२ एमबी लागतात, आणि २ एमबीचा बफर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात संपतो. डिस्क वाया जात नव्हती, पण प्रत्येक थांब्यावर मागात एक बारीक सांधा राहत होता. असे सांधे फार झाले की टीव्हीखालचा जुना प्लेअर नेमका तिथे अडखळे.

विजेचे प्रकरण याहून वेगळे होते, कारण वीज गेल्यावर कोणतेही तंत्र डिस्क वाचवू शकत नसे. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, आणि तीच वर्षे राज्यात भारनियमन सर्वांत कडक असण्याची होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांसाठी २००६ मध्ये एक वेगळी व्यवस्था झाली. कारखान्यांनी आपापली जनित्रे चालवून वीज वाचवायची आणि ती शहराला मिळून तिथले भारनियमन टळायचे. ‘पुणे पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर गाजली. खेड तालुक्यातल्या ग्रामीण भागाची गोष्ट निराळी होती. तिथे भारनियमनाचे वेळापत्रक पाहून राईटचे काम लावावे लागे. डीव्हीडीला एकपट वेगाने तासभर लागतो, चौपटीने पंधरा मिनिटे, आठपटीने आठ-नऊ. दिवे जाण्याच्या वेळेच्या अलीकडे किती डिस्क बसतील याचा हिशेब दुकानदार मनात करत. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी जुनी झालेली असे, आणि वीज परत येताना बसणारा झटका जाताना बसणाऱ्यापेक्षा वाईट असे. कमी दाबाच्या विजेने होणारा बिघाड ओळखायला अवघड जाई. संगणक चालू राही, पण स्वस्त पॉवर सप्लायच्या १२ व्होल्टच्या तारेवर दाब घसरे. डिस्क पूर्ण वेगाला आणणारी मोटार त्याच तारेवर चाले, त्यामुळे रायटर सुरुवातीलाच हार मानी. खूण एकच होती: दुपारी चालणारा रायटर संध्याकाळी, गावातले सगळे दिवे आणि पंखे लागल्यावर अडत असे.

लिहिता येणारी डीव्हीडी आली तीच भांडण घेऊन. डीव्हीडी फोरम या गटाने पुरस्कारलेली वजा चिन्हाची डीव्हीडी-आर आणि फिलिप्स, सोनी वगैरेंच्या आघाडीची अधिक चिन्हाची डीव्हीडी+आर या दोन चकत्या दिसायला सारख्या, पण त्यांची आखणी निराळी. २००१-०२ च्या रायटरना दोन्हींपैकी एकच चाले. २००२ च्या अखेरीस दोन्ही चालवणारा सोनीचा ड्राइव्ह आला आणि हळूहळू सगळे रायटर तसे झाले, पण टीव्हीखालचे प्लेअर जुनेच राहिले. लग्नाची डिस्क वजा चिन्हावरच द्यायची हा दुकानांचा शिरस्ता त्यातून आला, कारण जुने प्लेअर ती जास्त भरवशाने वाचत. अधिकवर लिहायचीच वेळ आली, तर काही रायटर डिस्कच्या सुरुवातीच्या नोंदीत ‘ही छापील डीव्हीडी आहे’ असे लिहून ठेवू शकत आणि प्लेअर ती निमूट वाचे. दोन्हींच्या मापातही बारीक फरक होता: वजा चिन्हाची चकती सुमारे ७ एमबी जास्त सामावते. काठोकाठ भरेल एवढा डेटा वजावर बसे आणि अधिकवर ‘जागा अपुरी’ असा निरोप येई.

‘जागा अपुरी’ या निरोपाचे जास्त वेळा घडणारे कारण मात्र मोजमापाचे होते. खोक्यावर ४.७ जीबी छापलेले असे ते दशमान पद्धतीचे, म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, आणि त्या मोजणीत तीच डिस्क ४.३७ जीबीची भरते. साडेचार जीबीचे फोल्डर तिच्यावर बसणार नाही हे कळेपर्यंत एखादा तास गेलेला असे.

याच काळातला आणखी एक नेहमीचा घोळ कॉम्बो ड्राइव्हचा. कॉम्बो सीडी लिहितो आणि वाचतो, डीव्हीडी फक्त वाचतो. समोर ‘डीव्हीडी’ आणि ‘रीरायटेबल’ अशी दोन्ही चिन्हे कोरलेली असल्याने घेणाऱ्याला तो डीव्हीडी रायटर वाटे. त्यात कोरी डीव्हीडी घातली की यंत्र पुन:पुन्हा ‘कोरी डिस्क घाला’ म्हणे. दुसरा घोळ विंडोज एक्सपीचा. २००१ च्या या प्रणालीत सीडी लिहिण्याची सोय होती, डीव्हीडी लिहिण्याची नव्हती. ती २००७ च्या व्हिस्टात आली. मधल्या काळात नीरो किंवा तत्सम सॉफ्टवेअर लागे. २००५ पासून मिळणारे मोफत ‘इमेजबर्न’ जाणत्यांना आवडले, कारण ते चूक कुठे झाली हे लपवत नसे. नीरोच्या पडद्यावर ‘बर्न प्रोसेस फेल्ड’ एवढेच ठळक दिसे, तर इमेजबर्नच्या नोंदीत कोणत्या सेक्टरला, कोणत्या आज्ञेला रायटरने काय उत्तर दिले हे ओळीने लिहिलेले असे.

कोऱ्या डिस्कचा भारतातला बाजार बराचसा एका देशी नावाने व्यापला होता. मोझर बेअर ही १९८३ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली कंपनी आधी वेळ नोंदवणारी यंत्रे, मग फ्लॉपी आणि १९९९ पासून सीडी बनवू लागली. नोएडा आणि ग्रेटर नोएडातल्या कारखान्यांच्या जोरावर ती जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्क-उत्पादकांत गणली जाऊ लागली. पुढे तिने चित्रपटांच्या स्वस्त व्हीसीडी-डीव्हीडी काढल्या, त्यांत मराठी चित्रपटही होते. तिच्या खोक्याशेजारी दुकानात विनानावाच्या, पन्नास-शंभरच्या गठ्ठ्याने मिळणाऱ्या चकत्याही असत, आणि चुकांचा मोठा वाटा या सुट्या चकत्यांच्या वाट्याला येई.

याचे कारण रंगाच्या थरात आहे. लिहायला घेण्यापूर्वी रायटर डिस्कच्या अगदी आतल्या, राखीव पट्टीवर लेझरची ताकद कमी-जास्त करून पाहतो आणि कोणती ताकद योग्य ते ठरवतो. सीडीवर अशा शंभर चाचण्यांपुरती जागा असते. थर असमान असेल किंवा लेझर थकलेला असेल, तर कोणतीच ताकद जमत नाही आणि ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. डिस्कवर तिच्या निर्मात्याची एक खूणही कोरलेली असते. रायटर ती वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे अंगभूत सॉफ्टवेअरमधल्या, यादीतून त्या डिस्कसाठी ठरवलेली लिहिण्याची रीत घेतो. यादीत नसलेली खूण आली की तो अंदाजाने लिहितो. म्हणून रायटर बनवणाऱ्या कंपन्या फर्मवेअर बदलून देत, आणि जुन्या रायटरवर नवी डिस्क चालेना तेव्हा हा पहिल्या उपायांतला एक ठरे. तो भारनियमनाच्या वेळेपासून दूर करावा लागे, कारण फर्मवेअर बदलताना वीज गेली तर रायटर कायमचा मुका होई.

वेग कमी करणे हा दुसरा उपाय, आणि तो बहुतेकदा लागू पडे. सोळापट वेगाला डिस्क मिनिटाला नऊ हजारांहून अधिक फेरे घेते. कुरुळीच्या आसपास ज्यांचा दिवस सीएनसी लेथवर जाई, त्यांना हा आकडा सांगितला की लगेच उमगे, कारण बहुतेक लेथचा स्पिंडल याच्या निम्म्यानेही फिरत नाही. एवढ्या वेगात चकतीवर वेडेवाकडे कागदी लेबल चिकटवलेले असेल तर ती थरथरते, आणि लेझरचा नेम पाव-अर्ध्या मायक्रोमीटरने चुकला तरी पुरे. शिवाय वेग वाढतो तसा एका ठिपक्यावर लेझर पडण्याचा वेळ घटतो, म्हणून ताकद वाढवावी लागते आणि चूक होण्याची वाट रुंदावते. ‘सोळापट’ असे छापलेल्या डिस्कवरही आठपटच निवडणारे दुकानदार वेळखाऊ वाटत. पण त्यांची गिऱ्हाइके डिस्क बदलून मागायला परत येत नसत.

या सगळ्यांत शोधायला कठीण बिघाड केबलचा होता. २००३ पासून साटा ही नवी जोडणी येऊ लागली तरी जुन्या संगणकांत कित्येक वर्षे रुंद, चपटी आयडीई केबलच होती. तिच्या दोन जाती: ४० तारांची आणि ८० तारांची. टोकांना दोन्हींना ४० पिनांचेच सॉकेट असल्याने त्या एकमेकींच्या जागी बसत, पण वेगवान कामाला ८० तारांचीच लागे. तिच्यात प्रत्येक संदेशतारेशेजारी एक जमिनीची तार असते, त्यामुळे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत. निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला, करडे स्लेव्हला, हा तिचा रंगसंकेत. रायटरच्या पाठीमागे मास्टर-स्लेव्ह ठरवणारा जंपर नावाचा बारीकसा तुकडा असे. एकाच केबलवर हार्ड डिस्क आणि रायटर लावले की दोघे एकाच अरुंद रस्त्यावर ओढाताण करत.

केबल थोडी सैल झाली, तार कुठे मुडपली, की डेटा चुकू लागे. विंडोज एक्सपी अशा चुका मोजत असे. सहा चुका साठल्या की ती त्या जोडणीचा वेग एक पायरी खाली आणी. अशी घसरत घसरत ती ‘डीएमए’ सोडून ‘पीआयओ’ या जुन्या पद्धतीवर येई. पीआयओमध्ये डेटाचा एकेक घास प्रोसेसरला स्वतः उचलून द्यावा लागतो. आठपट राईटला सेकंदाला ११ एमबी लागतात, आणि पीआयओवर ते जमत नाही. परिणाम असा दिसे: राईट सुरू झाल्यावर सगळा संगणक चिखलात रुतल्यासारखा, माऊसचा बाण उड्या मारत सरके, नीरोच्या पडद्यावर बफरची पट्टी भरे-रिकामी होई, आठ मिनिटांचे काम चाळीस मिनिटे चाले. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे केबल बदलल्यावरही ते तसेच राही, कारण विंडोजने एकदा उतरवलेला वेग आपणहून वर नेला जात नसे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीई चॅनल काढून टाकायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, म्हणजे विंडोज नव्याने जोडणी ओळखून डीएमए देई. हे ठाऊक नसल्याने चांगले रायटर निकामी ठरून बदलले गेले. डिस्क दोषी, मग रायटर दोषी, मग सॉफ्टवेअर दोषी असे ठरत जाई आणि वीस-तीस रुपयांच्या केबलकडे कोणाचे लक्ष जात नसे.

रायटरच संगणकातून गायब होणे हाही एक्सपीतला परिचित प्रकार होता. दोन वेगवेगळी राईट सॉफ्टवेअर टाकून त्यातले एक काढले की रजिस्ट्रीत ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी अर्धवट उरत. मग ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ड्राइव्हचे चिन्हच दिसेना. त्या दोन नोंदी काढल्या की ते परत येई. इथे पेचकसाची गरज नसे, तरी पुष्कळ संगणक आधी उघडलेच जात.

यानंतर येते धूळ. नवा रस्ता, नवे शेड, खणलेली जमीन आणि दिवसरात्र चालणारे कंटेनर यांनी चाकण पट्ट्यातली हवा कोरड्या दिवसांत धुळीने भरलेली असते, आणि पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात खोली तापते. रायटरच्या आतले भिंग ज्वारीच्या दाण्याएवढे, बारीक तारांवर तोललेले. त्याच्यावर धुळीचा पापुद्रा चढला की वाचन कसेबसे चालते, लिहिणे थांबते, कारण लिहायला लेझरचा पुरा जोर ठिपक्यावर पोचावा लागतो. साफ करण्याची रीत अशी: संगणक बंद करून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित ओलावलेला कापसाचा बोळा भिंगावर वजन न देता एकदाच फिरवायचा. जोर दिला तर तारा वाकतात आणि रायटर कायमचा जातो. ट्रे बाहेर येईना तर पुढच्या बाजूच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप घालून ती हलकेच ढकलायची. ते छिद्र त्यासाठीच ठेवलेले असते.

भिंग साफ असूनही एक विचित्र लक्षण दिसे: सीडी लिहिली जाते, डीव्हीडी नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. रायटरमध्ये दोन निरनिराळे लेझर असतात आणि ते आपापल्या वयाने थकतात. एक गेला, दुसरा शाबूत, असा तो अर्धा मेलेला रायटर असे. त्यावर दुरुस्ती नव्हती. तोवर नवा रायटर इतका स्वस्त झाला होता की लेझर बदलण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

काही तक्रारी राईटच्या वाटत, पण त्या तशा नसत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत टाइप केलेली लग्नपत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा अर्ज सीडीवर नेऊन दुसऱ्या संगणकावर उघडला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे. डिस्क निर्दोष असे. त्या संगणकावर श्रीलिपीचा फाँट नसे, एवढेच. लग्नाची फिल्म साध्या फाईलसारखी लिहिली तर प्लेअरला ती दिसत नसे, कारण त्याला ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर ठरलेल्या मांडणीत हवे असते. त्याच डिस्कवर नंतर आणखी फाईली टाकताना आधीचे सत्र जोडून घेतले नाही, तर जुन्या फाईली नाहीशा झालेल्या दिसत. त्या डिस्कवर तशाच असत, फक्त शेवटच्या सत्राच्या यादीत त्यांची नावे नसत, आणि ‘आयसोबस्टर’सारख्या साधनाने परत मिळत. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याची डिस्क ‘फायनलाइज’ केली नाही, तर ती सहसा संगणकात उघडत नसे. ती त्याच कॅमेऱ्यात परत घालून बंद करावी लागे. कॅमेरा मध्ये विकला गेला असेल तर पंचाईत होई.

या अनुभवातून दुकानांत एक क्रम ठरून गेला. कोणी तो लिहून ठेवला नाही, हाताखाली शिकलेल्या पोराला तो बघून येई. आधी डिस्क बदलायची, दुसऱ्या कंपनीची घ्यायची. मग वेग निम्मा करायचा. मग डीएमए पाहायचे. मग केबल. मग दुसरा पॉवर सप्लाय. मग भिंग. आणि सगळ्यांत शेवटी रायटर काढून दुसऱ्या संगणकाला लावून बघायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यातला गाभा. दोन गोष्टी एकत्र बदलल्या आणि काम झाले, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. कारखान्यात रिजेक्शनचे मूळ कारण शोधताना हीच शिस्त पाळावी लागते. पहिल्या पाळीला मशीनवर उभा राहणारा माणूस संध्याकाळी घरच्या रायटरशी झगडताना त्याच पद्धतीने विचार करी, आणि ती त्याला परकी वाटत नसे.

पडताळणीला मात्र फारसे कोणी वेळ देत नसे. लिहून झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून मूळ डेटाशी ताडून पाहण्याची सोय बहुतेक राईट सॉफ्टवेअरमध्ये होती. तिला लिहिण्याइतकाच वेळ लागे, आणि लग्नसराईत वीस प्रती काढायच्या असताना तो वेळ कोणाकडे असणार? तरी डिस्क बाहेर काढून उजेडात तिरपी धरण्याची सवय बहुतेकांना होती. लिहिलेला आणि कोरा भाग यांची छटा वेगळी दिसते. त्या छटेत मध्येच गडद कडे दिसले, किंवा कडेला पुसट डाग दिसला, की ती प्रत बाजूला काढली जाई.

ओहोटी दोन बाजूंनी आली. पेन ड्राइव्ह स्वस्त झाला, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यावर लग्नाची फिल्म मोबाइलवर दुव्याने पाठवता येऊ लागली. नव्या लॅपटॉपांतून रायटरची जागाच गेली. तैयो युदेनने २०१५ च्या अखेरीस डिस्कचा धंदा बंद केला. मोझर बेअरचे दिवाळखोरीचे प्रकरण २०१७ मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. तरी डिस्क पूर्ण गेलेली नाही. एमआरआय, सीटी स्कॅन केले की अनेक ठिकाणी आजही हातात सीडी पडते. न्यायालयात ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण पुरावा म्हणून द्यायचे तर ते अनेकदा सीडीवर, प्रमाणपत्रासह, दाखल होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अन्वर विरुद्ध बशीर निकालात त्या प्रमाणपत्राची गरज स्पष्ट केली होती.

आता दुरुस्तीला येतात त्या बहुतेक जुन्या लिहिलेल्या डिस्क. सीडीत डेटाचा थर वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूला असतो, त्यामुळे बॉलपेनने जोरात लिहिलेले नावही ती बिघडवते. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण कडेचा जोड सुटला की दमट हवा आत शिरते. ओरखडे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायचे, गोल फिरवून नाही, कारण मागाच्या दिशेने पडलेला ओरखडा एकाच ठिकाणचा लांब तुकडा खातो आणि चुका दुरुस्त करणाऱ्या गणिताला तो भरून काढता येत नाही. डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा हार्ड डिस्कवर उतरवायची. एका ड्राइव्हने नाकारलेला सेक्टर दुसरा ड्राइव्ह वाचतो, म्हणून दोन-तीन जुने ड्राइव्ह जपून ठेवलेले बरे. वेग अगदी कमी ठेवायचा. माग आतून बाहेर जातो, त्यामुळे हळद, मुहूर्त, मंगलाष्टके सहसा अडचणीशिवाय उतरतात. बोटांचे ठसे, कडेने शिरलेला ओलावा आणि राईटच्या वेळचा सर्वाधिक वेग हे तिन्ही बाहेरच्या काठावर एकत्र येतात, आणि शेवटचे प्रसंग तिथेच असतात. पाठवणीच्या सेक्टरांशी ड्राइव्ह कधी तास-तास झटत राहतो, मधले काही सोडून देतो, पुढचे वाचतो आणि सोडलेल्यांकडे पुन्हा वळतो.